दहावा फर्मा एक उरला

वाचकहो! आरंभीच विनयपूर्वक जाहीर करतो की, पुढील हकिकत एका दिवंगत मुलीविषयी, तिच्या आईबापांविषयी आणि तिच्या हातच्या अकरा पृष्ठांविषयी आहे. विषय ऐकून कोणी रुमाल शोधू लागल्यास अवश्य शोधावा. परंतु त्याच रुमालाने हसून हसून आलेले पाणीही पुसावे लागेल, याची हमी मी देतो. ही हकिकत लिहिताना माझा हात उत्साहाने थरथरत आहे. अक्षर वेडेवाकडे आल्यास तो दोष दुःखाचा समजू नये.

माझा व्यवसाय पुस्तकबांधणीचा. छापखान्यातून मोठमोठे ताव येतात. एका तावावर दोन्ही बाजू मिळून सोळा पृष्ठे छापलेली असतात. तो ताव तीनदा दुमडला की सोळा पृष्ठांची एक घडी होते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे बारा-चौदा फर्मे क्रमाने एकावर एक ठेवले, बाजूने तार मारली, कव्हर चिकटवले आणि मशीनवर तिन्ही कडा कापल्या की पुस्तक झाले. हे काम मी व माझी पत्नी सव्वीस वर्षे करीत आहोत. माझे शाळेतील शिक्षण सातवीत थांबले. पुढील सर्व शिक्षण फर्म्यांवर झाले. घडी करता करता जे समोर येईल ते मी वाचतो. कित्येक पुस्तकांचा मी केवळ चौथा किंवा केवळ नववा फर्मा वाचलेला आहे. त्यामुळे पुष्कळ थोर पात्रांशी माझा परिचय आहे, परंतु त्यांचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही.

आमच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणत असू, कारण ती कधी रिकाम्या हाताने चालत नसे. कागदाची चिंधी, खळीचा ब्रश, काही ना काही तिच्या हाती असावयाचेच. नऊ वर्षांची असताना ती एके दिवशी बांधणीच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाबा, मला एक कोरा फर्मा दे. मी कादंबरी लिहिणार आहे."

"सोळाच पानांची?"

"छोटी मांजर आहे. तेवढ्यात मावेल."

मी तिला उरलेल्या कागदाचा एक ताव दुमडून, कडा फाडून दिला आणि सांगितले, "आतल्या बाजूला दोन बोटं जागा सोड, तिथे तार बसते. बाहेरच्या बाजूला एक बोट सोड, तिथे मशीन कापतं." ही गोष्ट मोठमोठ्या लेखकांच्या लक्षात राहत नाही. तिच्या राहिली.

तिने अकरा पृष्ठे लिहिली. बाराव्या पृष्ठापूर्वी तिला ताप आला, आणि त्या तापातून ती उठली नाही.

त्यानंतर माझ्या पत्नीने घरातील मुंगीची प्रत्येक वस्तू माळ्यावर चढवली आणि तोंडाला जणू कुलूप घातले. कामाचे ती बोले, भांडे, बाजारहाट, उधळलेली खळ, सर्व बोले; मुंगीविषयी सहा वर्षांत एक अक्षर नाही. त्या मांजरीच्या फर्म्यावर मात्र मी आधीच हात मारला होता. पुठ्ठ्यांच्या थप्पीत, तळातून तिसऱ्या व चौथ्या पुठ्ठ्याच्या मध्ये तो मी लपवून ठेवला. पत्नी बाहेर गेली की मी तो काढून वाचीत असे. तिला सांगितले असते तर तोही माळ्यावर गेला असता, अशी माझी धारणा होती. मुंगीच्या हस्ताक्षरातील तेवढीच एक वस्तू माझ्यापाशी होती.

आता मुख्य प्रसंगाकडे वळतो.

आमच्या शहरात एक निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. त्यांना सर्वजण मास्तर म्हणतात. त्यांचा मुलगा ऐन विशीत गेला, आणि त्यानंतर अकरा वर्षे खपून त्यांनी एक कादंबरी लिहिली. कादंबरीत आहेत ते मुलगा गेल्यानंतर एकाच घरात राहणारे आईबाप. आई आतल्या खोलीत, बाप बाहेरच्या खोलीत. आणि मध्ये एक दार, जे कोणीच लावीत नाही आणि कोणीच ओलांडीत नाही. चौदा फर्म्यांची ही कादंबरी, तीनशे प्रती, बांधणीला आमच्याकडे आली. रविवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन ठरलेले होते.

शुक्रवारी सकाळी मी दहावा फर्मा उघडून बसलो होतो. त्यात तो बाप पलंगाखालून मुलाचे बूट काढतो, त्यांना पॉलिश करतो आणि पुन्हा पलंगाखाली ठेवून देतो. एवढेच. तिथे माझा धीर सुटला. मी थप्पीतून मुंगीचा फर्मा काढला आणि वाचू लागलो. तोच जिन्यावर चपला वाजल्या. घाबरून मी तो हातातला फर्मा दहाव्या फर्म्यांच्या गठ्ठ्याखाली पालथा सरकवला.

पत्नी आली ती पदर खोचूनच. "काय हो, बसलात काय? आज जुळवणी नाही झाली तर मास्तरांचं पुस्तक पुढच्या जन्मी निघेल." आणि ती लागलीच टेबलाभोवती फिरून एकेका गठ्ठ्यावरचा एकेक फर्मा उचलू लागली. मी मनात म्हटले, आपला फर्मा तळाशी आहे, तो शेवटी उरेल, तेव्हा अलगद काढून घेऊ. इतक्यात छापखान्याचे मालक कव्हरे घेऊन खाली येऊन ओरडू लागले.

"डिंक्या! ए डिंक्या! खाली ये, तुझ्या जिन्याने माझे गुडघे जातील!"

डिंक्या हे माझे नाव त्यांनीच पाडलेले आहे. कव्हरे घेऊन, त्यांची दोन गाऱ्हाणी ऐकून मी वर आलो तो टेबल मोकळे. जुळवणी संपली होती. दहाव्या गठ्ठ्याच्या जागी एकच फर्मा पालथा पडलेला, वरची बाजू कोरी. माझा जीव भांड्यात पडला. पत्नीची पाठ फिरताच तो मी उचलून पुठ्ठ्यांत सारला. नंतर दोन दिवस तार, कव्हर, कापणी यांत मान वर करण्यास फुरसत मिळाली नाही. रविवारी दुपारी बारा वाजता तीनशे प्रती टेंपोत चढल्या.

"टेंपो वेळेवर निघाला!" छापखान्याचे मालक हात जोडून म्हणाले. "वहिनी, हे तुमच्यामुळे. हा डिंक्या एकटा असता तर आपण मास्तरांना तीनशे गठ्ठे नि एक सुतळीचा तोडा दिला असता."

घरी जेवून पत्नी जरा आडवी झाली. आम्हाला प्रकाशनाचे निमंत्रण होते. परंतु ती म्हणाली, "मला नाही यायचं त्या पुस्तकाच्या कार्यक्रमाला," आणि मीही आग्रह केला नाही. साडेचार वाजता मी बांधणीच्या खोलीत गेलो, तळातून चौथा पुठ्ठा उचलला आणि मांजरीची गोष्ट उघडली.

समोर बूट होते! पृष्ठ एकशे पंचेचाळीस. बाप पलंगाखाली वाकला होता.

वाचकहो, क्षणभर मला काही उमगेना, आणि दुसऱ्या क्षणी सर्व काही उमगले. गठ्ठा उंच असला की माझी पत्नी अर्ध्या वाटेवर खालचा भाग उपसून वर ठेवते, त्यामुळे कडा सरळ राहतात. मुंगीचा फर्मा तळाचा मध्यावर गेला. तेथून तो कोणत्या तरी एका प्रतीत गेला. दहाव्या फर्म्याचे शेवटचे पृष्ठ कोरे असल्याने उरलेला छापील फर्मा पालथा पाहून मी फसलो. तीनशेपैकी एका पुस्तकात माझी मुलगी तारेने शिवली गेली होती, आणि ते पुस्तक या क्षणी कोणी तरी हातात घेऊन घरी चालले असेल!

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. पत्नी धावत आली.

"काय झालं? बोट कापलंत का?"

"पानं गेली!"

"कसली पानं?"

"मुंगीची. मांजरीची गोष्ट. मास्तरांच्या पुस्तकात गेली. माझ्याकडे होती ती, सहा वर्षं, इथे, पुठ्ठ्यांत."

तिचा चेहरा असा झाला की मला वाटले, आता ही रडेल. ती रडली नाही. ती माझ्या अंगावर आली.

"तुमच्याकडे होती?"

"हो."

"सहा वर्षं? आणि मी माळ्यावरची ट्रंक किती वेळा उपसली असेल! वह्यांत शोधलं, गादीखाली शोधलं. रद्दीत गेली असं समजून मी रद्दीवाल्याशी भांडले, तो बिचारा अजून आपल्या गल्लीत येत नाही!"

"पण तूच तर सगळं माळ्यावर..."

"फुटू नये म्हणून ठेवलं, हरवू नये म्हणून ठेवलं! तुमच्यासारखं पुठ्ठ्यात पुरलं नाही!" आणि मग ती थांबली. "गाडी काढा."

"कुठली?"

"आहे तेवढीच काढा. आणि तो उरलेला फर्मा घ्या बरोबर."

आमच्याकडे माल पोहोचवण्याची एक तीनचाकी सायकल आहे, मागे लाकडी खोका. माझी पत्नी त्या खोक्यात मांडी घालून बसली, दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि म्हणाली, "चला!" सव्वीस वर्षांच्या संसारात मी इतक्या वेगाने पायडल मारले नव्हते. चढ आला तर ती मागून ओरडे, "मारा! मारा!" उतार आला तर ओरडे, "अहो ब्रेक! मला आधी पोहोचवू नका!" एका वळणावर दोन म्हाताऱ्या बाकावर बसल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "बघ गं, माहेरी पोहोचवतोय वाटतं." माझी पत्नी खोक्यातून उत्तरली, "परत आणतोय, आजी!" तिला थट्टा करताना मी सहा वर्षांनी ऐकले, आणि माझ्या पायांत आणखी दोन माणसांचे बळ आले.

वाटेत तिला सर्व युक्ती सांगितली. सहा वर्षांत मुंगीचा कागद पिवळसर झाला आहे, मास्तरांचा कागद पांढराशुभ्र. प्रत उघडण्याची आवश्यकता नाही. कापलेल्या कडेकडे पाहावे. ज्या पुस्तकाच्या कडेत मध्याच्या थोडे पुढे एक बारीक पिवळी रेघ दिसेल, ते आपले.

वाचनालयाच्या दारात शिपाई उभा होता.

"कार्यक्रम सुरू झालाय. आवाज करायचा नाही."

"आम्ही बाइंडर आहोत," मी धापा टाकीत म्हणालो. "आम्हाला पुस्तकं तपासायची आहेत."

"छापून झाल्यावर तपासता होय? भलताच उलटा धंदा दिसतोय."

"अहो दादा," पत्नी म्हणाली, "एका पुस्तकात आमचं काही राहिलंय."

शिपायाने तिच्याकडे पाहिले. त्याने बाजूच्या खोलीचे दार उघडले. तिथे खोक्यांत एकशे ऐंशी प्रती होत्या. उरलेल्या एकशे वीस लोकांनी आधीच घेतल्या होत्या. आम्ही दोघे जमिनीवर बसून एकेक प्रत कडेने पाहू लागलो. पांढरी, पांढरी, पांढरी. शिपाईसुद्धा खाली बसला आणि पाहू लागला, काय पाहायचे हे न विचारता. एकशे ऐंशी झाल्या. सर्व पांढऱ्या.

"म्हणजे आत आहे," पत्नी म्हणाली. "कुणाच्या तरी मांडीवर."

सभागृह भरलेले होते. व्यासपीठावर मास्तर बसून आपल्या कादंबरीतला उतारा वाचीत होते. तोच बुटांचा. लोक माना खाली घालून ऐकत होते. मी भिंतीच्या कडेने वाकून चालू लागलो आणि प्रत्येक मांडीवरच्या पुस्तकाची कड न्याहाळू लागलो. एका गृहस्थाने पुस्तक पोटाशी धरले. एक तरुणी कुजबुजली, "काका, काय पाहिजे?" मी म्हणालो, "काही नाही, कड." तिने खुर्ची सरकवली. पहिल्या रांगेतून छापखान्याचे मालक डोळे वटारून मला खुणावू लागले, अरे डिंक्या, हे काय चाललंय! दुसरी रांग झाली. पांढरी. मास्तरांचा आवाज जड होत चालला होता. बाप बुटांना पॉलिश करीत होता.

आणि तोच तिसऱ्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

सारे सभागृह तिकडे वळले. एक जाडजूड बाई होत्या, कपडे शिवण्याचा व्यवसाय करणाऱ्या; गळ्यात मोजायची टेप तशीच राहिली होती. त्यांनी तोंडावर हात दाबला. खांदे हलू लागले. त्या पुन्हा हसल्या, या वेळी मोठ्याने.

मास्तरांनी चष्मा काढला. अकरा वर्षे लिहिलेल्या पुस्तकाला कोणी हसले की माणसाचे काय होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. तरी ते शांतपणे म्हणाले, "बाई, कुठल्या ओळीला हसू आलं, ते कळलं तर बरं होईल."

"माफ करा हो मास्तर," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मला पुस्तक मधूनच उघडायची खोड आहे. पण हे तुम्ही... हे असं..."

"वाचा ना. मोठ्याने वाचा."

बाईंनी घसा खाकरला. "'मांजरीने डबा उघडला. डब्यात उंदीर बसला होता. तो म्हणाला, मला खाऊ नकोस, मी जेवण नाही, मी हेडक्लार्क आहे.'"

सभागृहात असा हशा उसळला की खिडक्यांच्या काचा वाजल्या.

"माझ्या कादंबरीत," मास्तर उठून उभे राहिले, "मांजर नाही!"

"आमच्या मुलीच्या आहे!"

हा आवाज माझ्या पत्नीचा होता. ती मधल्या वाटेने पुढे चालली होती, खोक्याची धूळ साडीला तशीच लागलेली. "ती पानं आमच्या मुलीची आहेत. मुंगीची. ती नऊ वर्षांची होती. ह्यांच्याकडून चुकून तुमच्या पुस्तकात बांधली गेली. माफ करा, मास्तर. तुमच्या कार्यक्रमाचा आम्ही विचका केला."

मुंगी हा शब्द तिने सहा वर्षांनंतर प्रथम चारचौघांत उच्चारला होता, आणि तोही दीडशे माणसांसमोर, ठणठणीत आवाजात. मी भिंतीला टेकलो.

मास्तरांनी आपले पुस्तक मिटून टेबलावर ठेवले. "माझा उतारा थांबू शकतो," ते म्हणाले. "या, इथे माइक आहे. पहिल्यापासून वाचा."

"मला नाही जमणार."

"तुम्हाला नाही जमलं तर बाइंडरसाहेबांना सांगतो."

"त्यांना मुळीच नको, ते रडत बसतील," पत्नी म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पुस्तक तिच्या हाती दिले. ती व्यासपीठावर चढली.

तिने वाचले. एक मांजर ऑफिसात नोकरीला लागते. तिचे काम उंदीर पकडणे. परंतु उंदीर स्वभावाने चांगले निघतात. एक जण तिला पेन्सिलीला टोक करून देतो, हेडक्लार्क उंदीर तिच्या डब्यातली अर्धी पोळी खातो आणि बदल्यात तिची हजेरी लावतो. मांजर रोज उशिरा येते, कारण तिला वाटेत ऊन दिसते आणि उन्हात झोपावेसे वाटते. लोक मोठ्याने हसत होते. माझी पत्नी वाचता वाचता हेडक्लार्काचा आवाज बारीक काढू लागली होती. मुंगीही तसाच काढीत असे! मी ते विसरूनच गेलो होतो.

अकरावे पृष्ठ आले. "'एक दिवस साहेबांनी तिला बोलावले. ते म्हणाले, तू एकही उंदीर पकडला नाहीस. उद्यापासून येऊ नकोस. तेव्हा मांजर साहेबांना म्हणाली, की'"

ती थांबली.

"की काय?" शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारले.

"पुढे कोरं आहे."

"असं कसं कोरं? मांजरीची नोकरी गेली की राहिली?"

"अहो, ती मुलगीच..." कोणीतरी त्यांना गप्प करू पाहिले.

"मला ठाऊक आहे पुढचं," माझी पत्नी म्हणाली.

वाचकहो, मी भिंतीपासून सुटलो. सहा वर्षे मी ते अर्धे वाक्य वाचीत आलो होतो. 'म्हणाली, की.' बांधणीच्या खोलीत, दुपारी, एकटा, शेकडो वेळा. इतर पुस्तकांतील पात्रांचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नसे, त्याचे मला कधी काही वाटले नाही. परंतु या एका मांजरीने मला रात्रंदिवस छळले होते.

"तुला ठाऊक आहे?" मी सभागृहाच्या मधोमध उभा राहून ओरडलो. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला पानं दाखवलीत का?" ती माइकवरूनच म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "तिच्याने लिहवत नव्हतं शेवटी. तिने मला सांगितलं. म्हणाली, आई, तू लिही बाराव्या पानावर, पण बाबाला सांगू नकोस. छापून आल्यावर त्याला वाचू दे, मज्जा येईल. मी हो म्हटलं. नंतर पानं सापडेनात. कुठे लिहिणार? आणि तोंडाने तर सांगायचं नाही, असं कबूल केलेलं."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी पुस्तकाच्या कव्हरावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "माझ्या कादंबरीतल्या दोघांना हे सुचलंच नाही. एकाकडे एक, दुसऱ्याकडे दुसरं, असं काही असेल म्हणून."

"मग आता सांगा ना!" मागून कोणी ओरडले. "काय म्हणाली मांजर?"

"नाही," माझी पत्नी ठामपणे म्हणाली. "हे इथे उभे आहेत. छापून आल्यावर वाचतील."

सगळे सभागृह हळहळले. तेव्हा पहिल्या रांगेत छापखान्याचे मालक गुडघे धरून उठले. "वहिनी, उद्या सकाळी फर्मा लावतो. प्रती किती?"

"तीनशे," मास्तर म्हणाले. "माझ्याइतक्याच."

"आणि डिंक्याला छापखान्यात पाऊल टाकू देणार नाही. दारातच बसवतो त्याला!"

शिवणकाम करणाऱ्या बाईंचे पुस्तक आम्ही घरी आणले. मी पक्कडीने एकेक तार सोडवली, मुंगीचा फर्मा बाहेर काढला आणि खरा दहावा फर्मा घालून प्रत पुन्हा बांधली. मुंगीचे एकही अक्षर कापले गेले नव्हते. आत दोन बोटे, बाहेर एक बोट! सातव्या पृष्ठावर तिने मांजरीचे चित्र काढले होते, त्यात मात्र शेपटी कडेपर्यंत गेली होती. तिचे टोक मशीनने नेले.

"शेपटी तोडलीत लेकीच्या मांजरीची," पत्नी म्हणाली.

"तिनेच समासात काढली. मी सांगितलं होतं."

"माहीत आहे मला, काय सांगितलं होतंत ते. मी तिथेच होते."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी माळ्यावरची ट्रंक खाली घेतली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत मुंगीविषयी बोलत बसलो. मध्येच भांडलोही.

छपाई बुधवारी झाली. पृष्ठ बारा पत्नीने मालकांना एकट्यात सांगितले. आता अडचण अशी की, ताव न दुमडलेला असताना सर्व पृष्ठे उघडीच असतात, आणि घडी करणारा ती वाचल्याशिवाय राहूच शकत नाही. निदान मी तरी नाही. म्हणून तिने मला खोलीबाहेर पायरीवर बसवले, दार लावले, आणि तीनशे ताव एकटीने दुमडले. आतून घडीवर फिरणाऱ्या पट्टीचा आवाज येत होता. मी पायरीवर बसून एका जागी टिकू शकत नव्हतो. दोनदा दारावर टकटक केले. दोन्ही वेळा आतून आवाज आला, "नाही म्हणजे नाही!"

मग दार उघडले. तिने तार मारून, कव्हर लावून, कापून पूर्ण झालेली पहिली प्रत माझ्या हाती ठेवली. मी बारावे पृष्ठ उघडले. तेथे छापले होते ते जसेच्या तसे लिहितो:

'साहेब, उंदीर कसा पकडतात ते मला येत नाही. तुम्ही एकदा करून दाखवा. तेव्हा साहेब टेबलाखाली शिरले. ते अजून तिथेच आहेत. मग मांजर साहेबांच्या खुर्चीत बसली आणि तिने सांगितले, आज ऊन छान आहे, सगळ्यांना सुट्टी. समाप्त. हे पुस्तक माझ्या बाबांनी बांधले आहे, म्हणून ते सुटणार नाही.'

मी आधी हसलो. इतका हसलो की पायरीवरच बसलो. पत्नी शेजारी येऊन बसली आणि वाट पाहू लागली, मी शेवटचे वाक्य केव्हा वाचतो याची. मग मी ते वाचले.

त्या तीनशे प्रतींतील एकही अद्याप सुटलेली नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईंना पहिली प्रत द्यायची असे ठरले होते, परंतु ती मी दिली नाही. त्यांना दुसरी दिली.

माझी अल्पशी लेखणी येथे थांबवतो. येथवर सोबत केलीत, त्याबद्दल सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. पुस्तक उघडताना कृपया कडेकडेही एकदा पाहत जावे.

आपला नम्र,
डिंक्या बाइंडर, मुंगीचे बाबा